तेवीस नंबरच्या जर्सीची गोष्ट

मैदानात जातपात नसते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. चेंडूला रंग कळत नाही, धावणाऱ्या पायांना कुळ विचारत नाहीत, असे बक्षीस समारंभाला आलेले पाहुणे मोठ्या आवाजात सांगतात. टाळ्या पडतात. पण मैदानात उतरायलाच कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा प्रश्न त्या भाषणात येत नाही. आणि सामना संपल्यावर त्या खेळाडूच्या शेजारी जेवायला कोण बसते, हा प्रश्न तर कोणी काढतच नाही.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९६६ साली एका कॉलेजच्या फुटबॉल संघाने अठरा वर्षांनी अजिंक्यपद मिळवले. त्या संघात एक काळा मुलगा होता. एकच! वीस वर्षांचा, ठेंगणा, चपळ, तेवीस नंबरची जर्सी घालणारा. त्याचे नाव जेरी लेव्हायस. त्याची आणि त्याच्या संघाची ही हकिकत आहे. घरात मुलाबाळांना जवळ बसवून वाचावी अशी आहे.

आठ कॉलेजांचा गट

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळायचे किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकायचा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. मैदान शंभर यार्ड लांब. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे गेले की टचडाउन, त्याचे सहा गुण. चेंडू लाथेने दोन खांबांमधून मारला तर तीन गुण. अंगावर धावून जाऊन पाडणे हा या खेळाचा नियमच. आपली कबड्डी आठवा, म्हणजे त्यातली धडक आणि चपळाई लक्षात येईल.

तिकडे कॉलेजच्या फुटबॉलला लाखो लोकांचे वेड आहे. जवळपासची विद्यापीठे मिळून एक गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. गटातला प्रत्येक संघ एकमेकांशी खेळतो आणि ज्याचे विजय जास्त तो गटाचा अजिंक्य. टेक्सासमध्ये अशा गटाचे नाव होते साउथवेस्ट कॉन्फरन्स. टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक, टेक्सास ख्रिश्चन, बेलर, राईस आणि सदर्न मेथडिस्ट ही सात विद्यापीठे टेक्सासची, आणि आठवे शेजारच्या आर्कन्सॉ राज्याचे. जो संघ अजिंक्य ठरेल त्याला नववर्षाच्या सुमारास डॅलस शहरात होणाऱ्या कॉटन बाउल या मानाच्या सामन्यात जागा. त्या सामन्यात खेळायला मिळावे म्हणून गावेच्या गावे देव पाण्यात घालून बसत!

आपल्या हकिकतीतले सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ डॅलसचेच. श्रीमंतांच्या मुलांचे, खासगी कॉलेज. त्यांचा संघ १९४७ आणि १९४८ साली लागोपाठ अजिंक्य ठरला होता. पण त्यानंतर एकदाही नाही. १९६४ च्या हंगामात तर दहा सामन्यांपैकी एकच जिंकता आला.

गुणवत्ता होती, दरवाजा नव्हता

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या आठही विद्यापीठांच्या फुटबॉल संघात १९६५ पर्यंत शिष्यवृत्ती देऊन घेतलेला एकही काळा खेळाडू नव्हता. टेक्सासमध्ये काळी मुले फुटबॉल खेळत नव्हती का? खेळत होती आणि उत्तम खेळत होती! पण त्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, त्यांच्या शाळांच्या स्पर्धाही वेगळ्या होत्या. पाण्याचे नळ वेगळे, बसमधली बाके वेगळी, तशीच मैदानेही वेगळी. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला हा भेद बेकायदा ठरवला. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. पण कायदा झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी माणसाचे मन बदलते असे नाही, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

टेक्सासच्या आग्नेय कोपऱ्यात बोमाँट नावाचे तेलाच्या कारखान्यांचे आणि बंदराचे गाव आहे. जेरी लेव्हायस १९४६ साली तिथे जन्मला. त्याच गावचा बब्बा स्मिथ हा धिप्पाड खेळाडू. त्याला आपल्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठात जागा नव्हती, म्हणून तो दूर उत्तरेला मिशिगन राज्यात शिकायला गेला आणि देशभर गाजला. जेरीचा नातलग मेल फार हाही बोमाँटचाच. तो कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे चमकला. १९६७ साली व्यावसायिक संघांनी कॉलेजमधले खेळाडू निवडले, तेव्हा साऱ्या देशातून पहिली निवड बब्बा स्मिथची झाली आणि सातवी मेल फारची!

एका गावातली ही दोन मुले. टेक्सासच्या कॉलेजांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि वर म्हणत राहिले, की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणारे लोक दार लावून आत बसलेले असतात, तेव्हा त्यांनी मोजलेली गुणवत्ता ही फक्त आतल्यांची असते. बाहेर कोण उभे आहे हे त्यांनी पाहिलेलेच नसते.

प्रशिक्षकाने घातलेली अट

१९६२ साली सदर्न मेथडिस्टने हेडन फ्राय या गोऱ्या प्रशिक्षकाला संघ सांभाळण्यासाठी बोलावले. फ्राय पश्चिम टेक्सासमध्ये वाढलेले. लहानपणी काळ्या मुलांबरोबर ते खेळले होते, आणि शाळेची वेळ झाली की ते सवंगडी दुसऱ्या शाळेत का जातात हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून होता. नोकरी स्वीकारण्याआधी त्यांनी अट घातली, की मला काळा खेळाडू घेण्याची मोकळीक पाहिजे. नोकरी हातात येत असताना अशी अट घालणे सोपे नसते. पुष्कळ चांगली माणसे मनात चांगली असतात, पण सहीची वेळ आली की गप्प बसतात. फ्राय गप्प बसले नाहीत.

अखेर विद्यापीठ तयार झाले. १९६५ साली फ्राय बोमाँटला गेले आणि जेरीच्या घरी बसले. उत्तरेकडच्या कॉलेजांची बोलावणी जेरीला आलेली होतीच. तिथे गेला असता तर चार वर्षे सुखाने काढली असती. तरीही त्याने डॅलसची शिष्यवृत्ती स्वीकारली. साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये खेळाची शिष्यवृत्ती मिळवणारा तो पहिला काळा खेळाडू ठरला.

त्याच्या आजीचा या निर्णयात मोठा वाटा होता. ती श्रद्धाळू ख्रिश्चन बाई. बायबलमधले तेविसावे स्तोत्र संकटात धीर देणारे म्हणून ओळखले जाते. आजीने नातवाला सांगितले, तेवीस नंबरची जर्सी घे, ती तुला सांभाळील. पुढे मैदानात लाखो डोळ्यांनी पाहिलेला तो तेवीस आकडा म्हणजे एका म्हाताऱ्या आजीचा नातवाच्या पाठीवरचा हात होता.

एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. बेलर विद्यापीठात जॉन वेस्टब्रुक नावाचा काळा विद्यार्थी शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून संघात दाखल झाला होता. १० सप्टेंबर १९६६ रोजी तो सामन्यात उतरला आणि या गटाच्या संघातून खेळणारा पहिला काळा खेळाडू झाला. जेरी उतरला त्यानंतर आठवड्याने. वेस्टब्रुकला कीर्ती फारशी मिळाली नाही आणि त्याचे कॉलेजचे दिवसही दुःखात गेले. पहिल्या फळीतल्या सगळ्यांचीच नावे इतिहास मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

वसतिगृहातली खोली

त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. म्हणून १९६५ चे वर्ष जेरीने नवख्यांच्या संघात काढले. खेळाची परीक्षा अजून सुरू व्हायची होती. दुसरी परीक्षा मात्र पहिल्या दिवसापासून सुरू झाली.

वसतिगृहात त्याच्याबरोबर खोलीत राहायला कोणी तयार नव्हते. वर्गात तो बाकावर बसला की शेजारचे विद्यार्थी उठून दुसरीकडे बसत. सरावानंतर तो न्हाणीघरात गेला की संघातले काही गडी बाहेर निघून जात. ज्यांच्यासाठी तो मैदानात अंग ठेचून घेत होता तेच! शिव्यागाळीची पत्रे येत, फोन येत. प्रशिक्षक फ्राय यांनाही तशीच पत्रे येत. त्यांनी जेरीची टपाल आधी स्वतः पाहायला सुरुवात केली, म्हणजे पोराच्या हातात घाण पडू नये.

वाचकहो, हे वाचताना तुम्हाला काही आठवले असेल. पुण्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातले महान गोलंदाज. त्यांच्या डावऱ्या हाताच्या फिरकीवर हिंदूंचा संघ युरोपियनांना हरवी, पण चहाच्या सुट्टीत बाळूंना चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यात. त्यांनी टाकलेला चेंडू चाले, त्यांनी हात लावलेला कप चालत नसे. परमपूज्य बाबासाहेबांनी या दोन देशांतले साम्य फार आधी हेरले होते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या आणि अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती किती सारखी आहे ते कळवले होते. ड्यूबॉईस यांनी आपुलकीने उत्तरही दिले. तेव्हा जेरी लेव्हायसची गोष्ट आपल्याला परकी नाही.

१७ मार्च १९६६ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात व्याख्यानाला आले. विद्यार्थी संघटनेनेच त्यांना बोलावले होते. तेव्हा जेरीची आणि त्यांची भेट झाली. भावनांवर ताबा ठेव, असा सल्ला डॉ. किंग यांनी दिल्याचे जेरी पुढे सांगत असे. एकोणीस वर्षांच्या मुलाला किती अवघड काम सांगितले होते! पण तो राग गिळत राहिला. त्याला ठाऊक होते, की आपण एकदा हात उचलला तर आपल्यामागून येणाऱ्या शंभर मुलांचा दरवाजा पुन्हा बंद होईल.

१९६६ चा हंगाम

सप्टेंबर १९६६. डॅलसला इलिनॉय विद्यापीठाविरुद्ध हंगामाचा पहिला सामना. जेरीने पहिल्याच सामन्यात टचडाउन केला आणि संघ २६-७ असा जिंकला. ज्या प्रेक्षकांनी काळा गडी पाहून नाके मुरडली होती, त्यातलेच कितीतरी जण उभे राहून ओरडत होते. पुढे नेव्हीविरुद्ध विजय, पर्ड्यूविरुद्ध हार. हे सामने गटाबाहेरचे. खरी लढाई ऑक्टोबरपासून होती.

गटातला पहिला सामना राईसशी, २८-२४. चार गुणांनी वाचले. मग टेक्सास टेकला २४-७ असे सहज हरवले. २९ ऑक्टोबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाशी गाठ. सगळ्यात बलाढ्य, सगळ्यात श्रीमंत संघ. सदर्न मेथडिस्टने तो सामना १३-१२ असा एका गुणाने जिंकला! पुढच्या आठवड्यात टेक्सास ए अँड एम, २१-१४. आता लोक म्हणू लागले, की हा संघ खरोखर अजिंक्यपदाच्या मागे लागलेला दिसतो.

आणि तेवढ्यात आर्कन्सॉमध्ये दाणादाण उडाली. २२-० अशी सपशेल हार! एकही गुण करता आला नाही. असे दिवस प्रत्येक संघाला आणि प्रत्येक घराला येतात. पडल्यावर किती लवकर उठता, यावरच पुढचे सगळे अवलंबून असते. पुढच्या शनिवारी बेलरशी सामना होता. तो २४-२२ असा जिंकला, दोन गुणांनी.

थोडा हिशेब करून पाहा. राईसशी चार गुण, टेक्सासशी एक, ए अँड एमशी सात, बेलरशी दोन. चार विजय आणि चारही मिळून फक्त चौदा गुणांचा फरक. इतक्या बारीक दोऱ्यावर तो हंगाम लोंबकळत होता. या संघात ताकदवान गडी होते, जॉन लाग्रोनसारखा देशपातळीवर नावाजलेला गोरा खेळाडू होता. पण वाऱ्यासारखा पळणारा आणि लांबून आलेला चेंडू हवेत झेलणारा तेवीस नंबर नसता तर? समोरच्या संघाचे दोन-दोन, तीन-तीन गडी त्याच्यावर नजर ठेवून राहत, आणि त्यामुळे इतरांना वाट मोकळी मिळे. चौदा गुणांचा तो फरक टिकला असता का, हे ज्याने त्याने ठरवावे.

फोर्ट वर्थचा शनिवार

गटातला शेवटचा सामना २६ नोव्हेंबरला. प्रतिस्पर्धी शेजारच्या फोर्ट वर्थ शहरातले टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ. हा जिंकला की अठरा वर्षांनी अजिंक्यपद, कॉटन बाउलची जागा. सगळे डॅलस त्या शनिवारची वाट पाहत होते.

त्याच आठवड्यात निनावी फोन आला. लेव्हायस मैदानात उतरला तर त्याला गोळी घालू! तीनच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९६३ मध्ये, त्याच डॅलस शहराच्या रस्त्यावर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा गोळ्या घालून खून झाला होता. त्यामुळे अशा फोनला कोणी पोरखेळ समजत नव्हते. पोलीस सावध झाले. बंदोबस्त वाढला. प्रशिक्षकांनी जेरीला बाजूला घेऊन सगळे सांगितले.

क्षणभर त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. घर दूर. आजी दूर. भोवती हजारो लोक आणि त्यात एखादा बंदूकवाला असेलही, नसेलही. खेळायला नकार दिला असता तर कोणी दोष दिला नसता.

जेरी खेळला.

मैदानात दोन डावांच्या मध्ये गडी घोळका करून पुढची चाल ठरवतात. त्या दिवशी साथीदार त्याच्याभोवती दाटीने उभे राहत होते, म्हणजे लांबून कोणाला नेम धरता येऊ नये. ज्या संघात त्याच्या खोलीत राहायला कोणी तयार नव्हते, त्याच संघातली गोरी पोरे आज त्याच्याभोवती आपल्या अंगाची भिंत करून उभी होती. माणूस बदलू शकतो तो असा. पुस्तकातल्या उपदेशाने फार थोडे बदलतात. एकाच संकटात खांद्याला खांदा लावून उभे राहावे लागले, की पुष्कळ काही आपोआप गळून पडते. सगळे गळून पडते असे मात्र नाही, हेही पुढे दिसेलच.

गोळी सुटली नाही. सामना २१-० असा जिंकला. गटातल्या सात सामन्यांपैकी सहा विजय. सदर्न मेथडिस्ट अजिंक्य!

३१ डिसेंबर १९६६ रोजी कॉटन बाउलमध्ये जॉर्जिया विद्यापीठाने त्यांना २४-९ असे हरवले. पण अजिंक्यपद कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते.

अजिंक्यपदानंतर

सिनेमा असता तर गोष्ट इथे संपली असती. खऱ्या आयुष्यात जेरीला अजून दोन हंगाम खेळायचे होते.

१९६८ साली पुन्हा टेक्सास ख्रिश्चनशी सामना चालू होता. समोरच्या संघातला एक गडी शिवी देऊन जेरीच्या तोंडावर थुंकला. चार वर्षे गिळलेला राग त्या क्षणी वर आला. जेरीने शिरस्त्राण फेकले आणि बाकावर येऊन बसला. आता खेळायचे नाही, बस्स झाले! प्रशिक्षक फ्राय त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पोराचे दुःख खरे आहे हे मान्य केले आणि त्याला धीर दिला. थोड्या वेळाने प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू लाथेने उंच मारून दिला, तेव्हा जेरी उठला आणि मैदानात गेला. चेंडू झेलला आणि एकामागून एक गड्यांना चुकवत ८९ यार्ड पळून टचडाउन केला! सामना २१-१४ असा जिंकला.

लोक ही गोष्ट टाळ्या वाजवत सांगतात. पण थुंकणाऱ्याला उत्तर द्यायला प्रत्येक वेळी ८९ यार्ड पळावे लागत असेल, तर न पळू शकणाऱ्या साध्या मुलाने काय करायचे? त्याच्या तोंडावरची थुंकी कोणी पुसायची? पराक्रम गाजवल्याशिवाय ज्याला माणूस मानत नाहीत, त्याला अजून माणूस मानलेलेच नाही. जेरीने पुढे अनेक मुलाखतींत मोकळेपणाने सांगितले, की ती वर्षे एकाकी होती आणि त्या जखमा पुष्कळ काळ भरल्या नाहीत. अजिंक्यपदाचा चषक कॉलेजच्या कपाटात राहिला. किंमत मोजली ती त्या मुलाने.

त्याचा अभ्यासही पाहा. तीनही हंगाम गटाच्या सर्वोत्तम खेळाडूंत त्याची निवड झाली आणि १९६८ साली, खेळ आणि अभ्यास दोन्हींत चमकणाऱ्या देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या संघातही त्याचे नाव आले. नंतर १९६९ पासून तो ह्यूस्टन आणि सॅन डिएगोच्या व्यावसायिक संघांतून खेळला. २००३ साली कॉलेज फुटबॉलच्या सन्मान दालनात त्याचा समावेश झाला. हेडन फ्राय पुढे आयोवा विद्यापीठात वीस वर्षे प्रशिक्षक होते. २०१९ साली, नव्वदाव्या वर्षी, ते वारले.

दरवाजा उघडल्यावर

एका संघाने दार उघडले आणि अजिंक्यपद मिळवले, म्हणून बाकीच्यांनी लगेच दारे उघडली असे झाले नाही. टेक्सास विद्यापीठाने १९६९ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्यांच्या मुख्य संघात सगळे गोरेच होते. १९७० साली ज्यूलियस व्हिटियर हा त्यांचा पहिला काळा खेळाडू मुख्य संघातून खेळू लागला. त्याच वर्षी आर्कन्सॉच्या संघात जॉन रिचर्डसन उतरला. मग एकेक करत दारे उघडत गेली. ज्यांना शिष्यवृत्ती देणे म्हणजे दर्जा खाली आणणे असे म्हटले जात होते, त्यांच्याच जोरावर पुढे ती कॉलेजे मोठी झाली. साउथवेस्ट कॉन्फरन्स हा गट १९९६ साली मोडला.

२०२४ साली सदर्न मेथडिस्ट अटलांटिक कोस्ट या दुसऱ्या, मोठ्या गटात दाखल झाले. पहिल्याच वर्षी गटातले आठही साखळी सामने त्यांनी जिंकले आणि अंतिम सामन्यात क्लेमसनकडून ३४-३१ असे थोडक्यात हरले. त्या संघाचे नेतृत्व करणारा, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू होता केविन जेनिंग्ज, डॅलसच्याच सरकारी शाळेतून आलेला काळा तरुण. त्याच्या रंगाची कोणी बातमी केली नाही. १९६५ साली ज्या शहरात एका काळ्या मुलाला खोलीत जोडीदार मिळत नव्हता, तिथे हे घडायला जवळजवळ साठ वर्षे लागली.

आपल्या घरासाठी

आपल्यापैकी कितीतरी घरांतून पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी मोठ्या कॉलेजात जाते. वसतिगृहात राहते. बाप गिरणीत, गोदीत, रेल्वेत किंवा महापालिकेत राबलेला असतो, आईने चार घरची भांडी घासलेली असतात. मुलाचा प्रवेश झाला की आपल्याला वाटते, गड जिंकला. पेढे वाटतो. आणि नंतर मुलगा सुट्टीत आला की विचारतो, मार्क किती पडले?

त्याच्याबरोबर जेवायला कोण बसते, हे विचारतो का? कोणी आडनावावरून टोमणा मारला का, खोलीत एकटा पडतोस का, हे विचारतो का? पोरे सांगत नाहीत. आईबापांना दुःख नको म्हणून गिळतात. जेरी लेव्हायसच्या पाठीमागे आजी होती, तिचा तेवीस नंबर होता. बाकावर शेजारी येऊन बसणारे फ्राय होते. चपळ पाय त्याचे स्वतःचे होते, पण ते पाय चार वर्षे मैदानात टिकले ते या माणसांमुळे.

तेव्हा पुढच्या रविवारी वसतिगृहातल्या मुलाला फोन लावाल, तेव्हा मार्कांचे नंतर विचारा. आधी विचारा, बाळा, जेवायला कोणाबरोबर बसतोस? आणि तो थोडा वेळ गप्प राहिला, तर फोन ठेवू नका.